निराधारचे पैसे अडतात कुठे?

"निराधारचे पैसे आले का जी?" राजुऱ्यातील बँकेच्या दारात काठी टेकून उभा असलेला माणूस विचारतो. विरूर, देवाड्याकडून यायचे तर सोबत एक जण लागतो, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचे अनुदान 1500 वरून 2500 रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट. अपंगाचा दिव्यांग झाला, तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले. चकरा मात्र त्याच.

आता पैसा थेट आधारच्या खात्यात पडतो, आणि गोम इथेच आहे. दोन बँकांत खाती असली, तर आधार ज्या बँकेशी शेवटी जोडला तिकडेच रक्कम जाते. माणूस जुने पासबुक दाखवतो, बँक म्हणते जमा नाही. तहसीलमध्ये संगणक म्हणतो, पाठवले. दोघेही खरे बोलतात, चूल मात्र तिसऱ्याचीच विझते! तेव्हा आपला आधार कोणत्या बँकेला जोडला, हे आधी विचारून घ्या.

हयातीचा, उत्पन्नाचा दाखला राहिला तरी अनुदान थांबते. ते का थांबले, हे लाभार्थ्याला सहा महिन्यांनी खिडकीवर का कळावे? तहसीलने तसे लेखी कळवावे, अर्जाची तारखेसह पोच द्यावी. ज्याला चालताच येत नाही, त्याच्या हयातीची खात्री गावच्या अधिकाऱ्यानेच घरी जाऊन करावी.