आजीचे मौन

घानाच्या लेखिका आमा अता आयडू २०२३ साली निवर्तल्या. त्यांचे ‘अनोवा’ हे नाटक १९७० साली प्रसिद्ध झाले. काळ एकोणिसाव्या शतकाचा, स्थळ तेव्हाचे गोल्ड कोस्ट. अनोवा आईबापांना न जुमानता कोफी अकोशी लग्न करते. किनाऱ्यावरच्या गोऱ्यांना कातडी विकून दोघे पोट भरतात. धंदा वाढतो आणि कोफी गुलाम विकत घेऊ लागतो. अनोवा ते मान्य करीत नाही. अखेरीस त्याच्या वाड्यात त्याच्या स्वतःच्या चित्राच्या पंक्तीला राणी व्हिक्टोरियाचे चित्र लटकते.

एवढ्यावरच आपल्यातील काही विद्वान सुटकेचा निःश्वास सोडतात. आफ्रिकी माणसानेच आफ्रिकी माणूस विकत घेतला, मग युरोपला आणि ख्रिस्तसभेला दोष कशाला? हा युक्तिवाद लबाडीचा आहे. आयडूबाईंनी कोफीला क्षमा केलेली नाही. परंतु त्याच्या अपराधाने किल्ले बांधणारे निर्दोष ठरत नाहीत. लहानपणी अनोवाने आजीला विचारले होते, समुद्रकाठची ती मोठी घरे कशासाठी? आजी थोडे सांगते आणि नातीलाच गप्प करते. शहाण्या माणसांनी हे विसरायचे असते! त्या रात्री मुलीला भयंकर स्वप्न पडते. नाटकाचे मर्म मला तेथे दिसते.

त्या घरांपैकी सर्वात जुने एल्मिना. ते १४८२ साली पोर्तुगिजांनी उभारले आणि तटाच्या आत चर्चही बांधले. पुढे १५३४ साली वसई त्याच सत्तेच्या हाती आली. वसईतील फिदाल्गोंच्या घरीही गुलाम राबत होते. किल्ल्यातील चर्चचे भग्नावशेष आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, या गुलामांचा उल्लेख मात्र करीत नाही.

पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास मनाई केली, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ साली पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना कायमचे दास करण्याची मुभा दिली, हे का सांगत नाही? श्रद्धा डळमळेल म्हणून? पोप दुसरे जॉन पॉल १९९२ साली सेनेगलच्या गोरे बेटावर गेले आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांच्या या पापाबद्दल त्यांनी क्षमा मागितली. त्यांची श्रद्धा त्यामुळे डळमळल्याचे ऐकिवात नाही.

आपली नाट्यमंडळे दर उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाचा प्रयोग करतात. त्यांनी एका वर्षी ‘अनोवा’ मराठीत बसवावे आणि पहिल्या रांगेत आम्हा धर्मगुरूंना बसवावे.