आमच्या साताऱ्याची लेक

मैत्रिणींनो, कंदी पेढे न्यायला आलेल्या पाहुण्यांना मी हल्ली पेढ्यांच्या जोडीला आणखी एक नाव सांगते, अदिती स्वामी.

५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धेत आमची ही सतरा वर्षांची पोर वैयक्तिक विजेती ठरली. पन्नास मीटरवरून पंधरा बाण, १५० पैकी १४९ गुण! म्हणजे चुकला तो अवघा एक गुण. (आपला तर सुईत दोरा जाता जात नाही!) तिच्याआधी कुणा भारतीयाला हा मान मिळालेला नव्हता. त्याच दिवशी पुरुषांत जिंकला तो नागपूरचा ओजस देवतळे. तोही शिकला साताऱ्यातच, प्रवीण सावंत सरांच्याच हाताखाली.

मला मात्र पदकाइतकंच तिच्या घराचं कौतुक वाटतं. वडील गणिताचे शिक्षक, आई सरकारी नोकरीत. लेकीच्या सरावासाठी गाव सोडून शहरात आले, धनुष्य-बाणांसाठी कर्ज काढलं. मुलीसाठी कर्ज, आणि तेही लग्नासाठी नव्हे, बरं का!

आता खरं सांगते. गेल्या उन्हाळ्यात पुतणी कबड्डीच्या शिबिराला निघाली, तेव्हा "दहावीचं वर्ष, आता हे कशाला?" म्हणून जाऊबाईंचे कान भरणारी मीच. आणि अदितीचा पेपरातला फोटो कापून कपाटावर चिकटवणारीही मीच!

परवा जाऊबाईंना निरोप धाडला, पोरीचे बूट यंदा माझ्याकडून. पाच नंबर लागतो म्हणे.