चार साखांची वही

मैत्रिणींनो, एका ओसवाल भगिनीचं पत्र आलंय. लेकीला पाहून गेले, पसंती झाली, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी कळलं की मुलाच्या आईचं नि मुलीच्या आजीचं माहेर एकच, चोरडिया! झालं, मोडलं. 'आधी विचारायचं कसं सुचलं नाही?' म्हणून बिचाऱ्या स्वतःलाच दोष देताहेत.

ओसवालांत बहुधा आडनाव हेच गोत्र. लोढा, बोथरा, सुराणा. कोठार सांभाळणारे ते कोठारी. मूळ सांगतात जोधपूरजवळच्या ओसियांचं. जुन्या रिवाजाने लग्नात चार साखा टाळायच्या: आपली, आईच्या माहेरची, वडिलांच्या आईची आणि आईच्या आईची. काही घरं आता दोनच पाहतात. म्हणजे गंमत पाहा, लग्नानंतर आपण सासरच्या गोत्राच्या होतो खऱ्या, पण माहेरचं गोत्र मुलांच्या आणि नातवंडांच्या लग्नातही विचारलं जातंच! वंशावळीच्या वह्या भाटांकडे असत. घरात मात्र ही नावं आजीच्याच तोंडी.

तेव्हा आजी आहेत तोवर चारही नावं वहीत लिहून घ्या, आणि पत्रिकेआधी तीच विचारा.

त्या भगिनींना एक सांगते. जैनांनाही लागू असलेला १९५५चा हिंदू विवाह कायदा गोत्र पाहत नाही. तो वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांचं नातं पाहतो. तसं जवळचं नातं नसेल, तर मुलाच्या आईशी एकदा स्वतः बोला. मध्यस्थाकरवी नको.