परदेशी शाळा आणि घरची शिदोरी

दरवर्षी ऑगस्ट महिना उजाडला की जगाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो किशोरवयीन मुले-मुली अमेरिकेतील अनोळखी गावांत दाखल होतात. ती पर्यटनासाठी आलेली नसतात आणि पदवीसाठीही नाहीत. एक शैक्षणिक वर्ष तेथील हायस्कूलमध्ये शिकायचे, एखाद्या कुटुंबात त्या घरचेच होऊन राहायचे आणि मायदेशी परतायचे, असा हा विद्यार्थी-विनिमयाचा उपक्रम आहे. त्याचे मूळ रणभूमीवर आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या संघटनेने दुसऱ्या महायुद्धाचा संहार पाहिल्यानंतर हे काम हाती घेतले. वेगवेगळ्या देशांची मुले एकमेकांच्या घरी राहिली, तर उद्या ती एकमेकांवर शस्त्र उगारताना थबकतील, ही त्यामागची श्रद्धा होती. १९४७ साली पहिली तुकडी अमेरिकेत उतरली. पुढे सरकारेही यात उतरली. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेस आणि तत्कालीन पश्चिम जर्मनीची संसद यांनी अशी संयुक्त योजना आखली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘यस’ या योजनेतून भारतातील विद्यार्थीही गेले.

उद्देश उदात्त असला, तरी त्याची परीक्षा द्यावी लागते ती पंधरा-सोळा वर्षांच्या कोवळ्या जिवाला. आपल्याकडे विद्यार्थी एका वर्गात बसतात आणि शिक्षक येत-जात राहतात. तेथे शिक्षक आपापल्या खोलीत असतात आणि घंटा झाली की विद्यार्थ्यांनीच पुढचा वर्ग गाठायचा असतो. गणिताला शेजारी बसलेला मुलगा इतिहासाच्या तासाला दिसेलच असे नाही. शिक्षक वर्गात आले म्हणून कोणी उभे राहत नाही. पुस्तकी इंग्रजी उत्तम असलेल्या मुलालाही मधल्या सुट्टीतील थट्टामस्करी उमगत नाही. सर्वांत अवघड असते ती भोजनगृहातील वेळ. हातात ताट घेऊन उभे असताना, कोणत्या टेबलाशी आपल्याला जागा मिळेल, हा प्रश्न भूमितीच्या कोणत्याही प्रमेयाहून कठीण वाटतो. त्यात मूल शाकाहारी असेल, तर काय खात नाही याबरोबरच का खात नाही, हेही त्याला सांगावे लागते.

या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून समायोजनाचा एक आलेख मांडला. प्रारंभीचा उत्साह, मग एकाकीपणाची घसरण आणि त्यानंतर हळूहळू सावरणे, असे त्याचे स्वरूप आहे. १९६३ मध्ये अन्य संशोधकांनी त्याला पुस्ती जोडली, की मायदेशी परतल्यावरही अशीच एक घसरण वाट्याला येते. प्रत्येक मूल याच क्रमाने जाते असे नव्हे. मात्र मन उदास होणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही, एवढे तरी पालकांनी यातून ध्यानात घ्यावे.

मग सावरणारी मुले कशाच्या बळावर सावरतात? जुळवून घेणे म्हणजे विरघळून जाणे, असा एक समज रूढ आहे. त्याच्या उलट, कोशात बसून वर्ष ढकलणे म्हणजेच संस्कार जपणे, असाही समज आढळतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. महाराष्ट्राला याचे उत्तर १८८३ सालीच मिळाले आहे. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत निक्षून सांगितले होते. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना ठेवून घेतले. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. तरीही त्या घरात त्या परक्या राहिल्या नाहीत. श्रीमती कार्पेंटर त्यांच्या मावशी झाल्या. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या मायदेशी आल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींना न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली. स्वत्व आणि आपलेपणा यांत वैर नसते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आज परदेशी निघालेल्या मुलाच्या तयारीत मात्र बॅगेचे वजन आणि गुणपत्रिका यांचीच चर्चा अधिक होते. आपला सण का साजरा होतो, आपल्या गावची नदी कोणती, आजोबांनी कोणत्या परिस्थितीत शिक्षण घेतले, हे ज्याला ठाऊक नाही, तो वर्गमित्रांना आपल्या देशाविषयी काय सांगणार? त्यांच्यासाठी तर तो एकटाच भारत असतो. स्वतःचे ताट धुणे, अंथरूण आवरणे, चूक झाल्यास मोकळेपणाने क्षमा मागणे या साध्या गोष्टी यजमान घरात मोलाच्या ठरतात. पालकांनीही एक पथ्य पाळावे. रोज रात्री दूरध्वनीच्या पडद्यावर आई दिसत राहिली, तर मुलाचे मन त्या घरात रुजणार कसे? मात्र अन्याय वा असुरक्षितता जाणवल्यास गप्प न बसता स्थानिक समन्वयकाला तत्काळ सांगावे, हेही मुलाला बजावून ठेवले पाहिजे. विद्यार्थ्याशी दरमहा संपर्क ठेवणे हे समन्वयकाचे कर्तव्यच असते.

विनिमय म्हणजे देवघेव. विनिमय व्हिसावर आलेल्या या विद्यार्थ्यांना तेथील कुटुंबे कोणताही मोबदला न घेता वर्षभर सांभाळतात. अतिथीधर्माचा वारसा सांगणाऱ्या समाजाने हे नीट पाहावे. एखादा जर्मन वा जपानी मुलगा वर्षभर आपल्या घरी राहावा, त्याने वरणभात खावा, आपल्या मुलांशी भांडावे आणि जाताना आजीच्या पाया पडावे, यासाठी किती मध्यमवर्गीय घरांची दारे उघडी आहेत? मुलाला जगात पाठवण्याची तयारी जगाला घरात घेण्यापासून सुरू होते. ज्या घरात परक्याला आपले करण्याची रीत आहे, त्या घरचे मूल परक्या घरी एकटे पडत नाही.