सगळे एका माळेचे मणी नव्हेत

यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग इस्लामचे नाव घेऊन शस्त्र उचलणाऱ्या संघटनांवर आहे. सणासुदीला हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. या साऱ्यांना एका माळेत ओवले की त्यांच्याशी लढायचे कसे हेच उमगत नाही, म्हणून हा खटाटोप.

१९८८च्या सुमारास पेशावरमध्ये उभ्या राहिलेल्या अल कायदाने पुढे अमेरिका हा 'दूरचा शत्रू' निवडला. खिलाफत तिच्या लेखी दूरचे ध्येय होते. आयसिसला तेवढा धीर नव्हता. जून २०१४मध्ये तिने खिलाफत जाहीर केली, कर वसूल केले, इराकमधल्या सिंजारमध्ये यझिदी अल्पसंख्याकांचा संहार केला आणि शिरच्छेदाच्या चित्रफिती भरतीसाठी फिरवल्या. शियांच्या कत्तलींवरून अल कायदाच्या जवाहिरीने २००५मध्येच आयसिसची इराकमधली पूर्वज संघटना चालवणाऱ्या झरकावीला पत्रातून हटकले होते. त्यामागे दया नव्हती, सामान्य मुसलमान दुरावतील ही धास्ती होती. २०१४च्या फेब्रुवारीत अल कायदाने आयसिसशी नाते तोडले.

तालिबान देवबंदी-हनफी परंपरेतले. त्यांची महत्त्वाकांक्षा अफगाणिस्तानच्या सत्तेपुरती. २०२१पासून ते राज्यकर्ते आहेत आणि आयसिसची खोरासान शाखा त्यांच्यावरच बॉम्बहल्ले करते. लष्कर-ए-तैयबा अहले हदीस पंथातली. तिचा रोख भारतावर आणि आधार पाकिस्तानी लष्करी यंत्रणेचा.

म्हणूनच एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. मार्च २०१९मध्ये आयसिसचे सीरियातले शेवटचे ठाणे बाघूझ पडले आणि खिलाफतीच्या दाव्याखालची जमीनच गेली. अल कायदाचे बळ मुलखात नव्हते, त्यामुळे २००१मध्ये अफगाणिस्तानातला आसरा गमावूनही ती तगली. लष्कर-ए-तैयबाचा बंदोबस्त करायचा तर आश्रयदात्याला जाब विचारावा लागतो.

या हिंसेची सर्वाधिक झळ मुसलमानांनाच बसली आहे, आणि नकारही त्यांच्यातूनच उमटला. २०१४मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादीला खुले पत्र लिहून त्याचे धर्मशास्त्र खोडून काढले. त्याच वर्षी कल्याणचे चार तरुण आयसिसच्या वाटेने इराकला गेले हे खरे. पण २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या विश्वस्तांनी साफ नकार दिला, हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट सगळ्यांच्या तोंडी असते, दुसरी सांगावी लागते. अंकातले लेख दोन्ही सांगतात. ते वाचा, पटले नाही तर भांडा आणि आम्हाला कळवा.

दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक