घर-जमिनीविषयी लिहिण्यापूर्वी



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात जाहिरात, वृत्त, अर्ज, करार हे लेखनप्रकार आपण वेगवेगळ्या घटकांत अभ्यासतो. व्यवहारात मात्र काही विषय असे असतात की तेथे हे सारे प्रकार कागदांच्या एकाच गठ्ठ्यात भेटतात. घर-जमिनीची खरेदी-विक्री हा असा विषय आहे. तुमच्यापैकी कोणी दिवसा दस्तलेखकाकडे काम करीत असेल, कोणी पतसंस्थेत कर्जप्रकरणे पाहत असेल, कोणी ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या नोंदी ठेवत असेल. सातारा आणि सांगली परिसरातील घरे, भूखंड व शेतजमिनी यांविषयी स्थानिक वाचकांसाठी नियमित लिहावे, असा विचार अशा विद्यार्थ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विचार चांगला आहे. त्याची तयारी कशी करावी, याविषयीचे माझे मत मी येथे मांडणार आहे.

असे लेखन करू इच्छिणारा बहुधा दरांची माहिती, छायाचित्रे आणि नव्या प्रकल्पांची यादी जमवू लागतो. माझ्या मते आरंभ शब्दांपासून व्हायला हवा. या व्यवहारात मराठीची दोन रूपे शेजारीशेजारी वावरतात : एक जाहिरातीचे, दुसरे दस्तऐवजाचे. पहिले सर्वांना कळते, पण त्याखाली कोणाची सही नसते. दुसऱ्याखाली सही होते, पण ते फार थोड्यांना कळते. एखादे कुटुंब निवृत्तीची सारी रक्कम पहिल्या रूपावर विसंबून देऊन टाकते आणि वाद उभा राहिला की निवाडा दुसऱ्या रूपावरून होतो. या दोहोंमधील अंतर वाचकाला समजावून सांगणे हे स्थानिक लेखकाचे पहिले कर्तव्य होय.

प्रथम मोजमापाचे शब्द घेऊ. आपल्याकडे जमीन गुंठ्यात बोलली जाते. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबारा उताऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत लिहिलेले असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर. बोलताना दोन्ही एकच मानण्याची रीत आहे. परंतु १०० आर जमिनीचा हिशेब १०० गुंठे धरून केला, तर एका गुंठ्याहून अधिक फरक पडतो. आजच्या दरात हा फरक लहान नाही.

‘गुंठेवारी’ हा शब्द याहून अधिक विचार करण्यासारखा आहे. ‘टक्केवारी’, ‘वर्गवारी’ यांप्रमाणे तोही ‘वारी’ प्रत्ययाने सिद्ध झाला आहे. मूळ अर्थ एवढाच की गुंठ्यागुंठ्याने केलेली विभागणी. पण या शब्दामागे इतिहास उभा आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या कायद्याने निर्बंध आले. तरीही वाढत्या शहरांच्या कडेला शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, कारण अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारी जागा तीच होती. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा अशा अनेक वसाहती तिच्या हद्दीत होत्या. २००१ मध्ये राज्याने या विकासाच्या नियमितीकरणासाठी स्वतंत्र कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. परिणामी एक साधा मोजमापाचा शब्द कायदेशीर स्थितीचे नाव बनला. ‘गुंठेवारीचा प्लॉट’ असे जाहिरातीत वाचणाऱ्या परगावच्या माणसाला तो आकार वाटतो. नियमितीकरण झाले आहे, अर्ज प्रलंबित आहे की काहीच झालेले नाही, हे त्या शब्दातून कळत नाही. म्हणून लेखकाने हा शब्द एकटा सोडू नये. त्याच्याजवळ नियमितीकरणाच्या आदेशाचा उल्लेख करावा, किंवा आदेश पाहायला मिळाला नाही असे स्पष्ट लिहावे.

आता ‘सातबारा’ पाहा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांचे क्रमांक जोडून झालेले हे नाव लोकांनी इतके आपलेसे केले की ‘सातबारा कोरा करणे’ हा वाक्प्रचारही रूढ झाला. या नावापुढे येणारा ‘उतारा’ हा शब्द मात्र आपण वाचून सोडून देतो. उतारा म्हणजे मूळ नोंदीवरून उतरवून घेतलेली प्रत. प्रतीला तारीख असते आणि त्या तारखेनंतर मूळ नोंदीत फेरफार होऊ शकतो. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द गाळून ‘सातबारा नावावर आहे, काळजी नको’ असे लिहिणे म्हणजे वाचकाला अर्धेच वाक्य देणे होय.

त्याच उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असू शकते. केवळ एका अंकाचा हा फरक, पण त्याचा अर्थ असा की ही जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा अशी धरणे असलेल्या या दोन जिल्ह्यांत पुनर्वसनात दिलेल्या जमिनींवर ही नोंद सामान्यतः आढळते. धरणाखाली गाव गेलेल्या कुटुंबाचा आधार सुटू नये, हा तिचा हेतू. ‘स्वस्तात शेती’ असे मथळे लिहिणाऱ्याने तिची किंमत कमी का, हा प्रश्न या एका अंकाशी जाऊन विचारावा.

दस्तांच्या नावांतही असाच भेद आहे. साठेखत आणि खरेदीखत या दोन्ही शब्दांत ‘खत’ म्हणजे लेख हा घटक समान आहे, म्हणून दोन्ही सारखेच वजनदार वाटतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे विक्रीच्या कराराने त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. तो पुढे विक्री करण्याचा करार असतो. मालकी खरेदीखताच्या नोंदणीने मिळते. केवळ कुलमुखत्यारपत्र व करार यांच्या आधारे मालकीचे हस्तांतरण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये स्पष्ट केले. समजा, तासगावच्या एका निवृत्त शिक्षकाने विसार देऊन साठेखत केले आणि ‘जागा घेतली’ असे नातेवाइकांना कळवले. ‘घेतली’ हे क्रियापद भूतकाळातले आहे, व्यवहार मात्र भविष्यकाळात आहे. भाषेतील काळ आणि कागदावरील काळ यांचा हा विसंवाद कित्येक वादांच्या मुळाशी असतो.

सदनिकांच्या बाबतीत ‘चटई’ हा शब्द गोंधळ करतो. ‘चटई क्षेत्र’ म्हणजे सदनिकेच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मध्ये त्याची व्याख्या दिली आहे. तीत आतील भिंती धरल्या जातात. बाहेरील भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळली जाते. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ मात्र भूखंडाच्या प्रमाणात एकूण किती बांधकाम करता येईल ते सांगतो. दोन्हींत चटई असली तरी पहिली तुमच्या खोलीत आहे, दुसरी नगररचनेच्या नियमावलीत. लेखकाने प्रत्येक वेळी पूर्ण संज्ञा लिहावी.

अंतर आणि परिसर सांगण्याच्या पद्धतीत दोन्ही रूपांमधील फरक सर्वाधिक ठळक दिसतो. खरेदीखतात ‘चतुःसीमा’ असते : पूर्वेस कोणाची मिळकत, दक्षिणेस कोणता रस्ता, असे चारही दिशांनी जागेला बांधून टाकले जाते. जाहिरात ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणते. हाक कोणाची आणि वारा कोणत्या दिशेचा, हे ती सांगत नाही. सांगलीतील ‘कृष्णाकाठचा निसर्गरम्य परिसर’ या शब्दसमूहाचा अर्थ ऑगस्ट २०१९ नंतर पूर्वीचा राहिलेला नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ ही वर्षेही सांगलीकर विसरलेले नाहीत. येथील लेखकाने काठाचे वर्णन अवश्य करावे, पण त्या जागी या तीन वर्षांत पाणी कुठवर आले आणि जागा निळ्या व लाल पूररेषेच्या आत आहे की बाहेर, ही दोन वाक्ये त्याच परिच्छेदात असावीत. साताऱ्यात प्रश्न निराळा असतो. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर असे भाग नगरपालिकेत आले. जुन्या कागदावर ग्रामपंचायत आणि नव्या पावतीवर नगरपालिका असेल, तर वाचक गोंधळतो. हा बदल दोन ओळींत समजावून देणारा लेखक त्याला उपयोगी पडतो.

या मतावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हे वकिलाचे काम आहे. कायदेशीर सल्ला देणे हे खरोखरच वकिलाचे काम आहे. पण वकिलाकडे जाण्यापूर्वी कोणता कागद मागावा आणि त्यावरील शब्दाचा अर्थ काय, हे सांगणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. दुसरा आक्षेप असा की हे शब्द जुने, फारसी-अरबी वळणाचे आणि क्लिष्ट आहेत. त्यांऐवजी शुद्ध मराठी प्रतिशब्द योजावेत. परकीय राज्यव्यवहारशब्दांना पर्याय देण्याचा प्रयत्न शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने केला आणि राज्यस्थापनेनंतर शासनानेही परिभाषाकोश सिद्ध केले. त्या प्रयत्नांविषयी मला आदर आहे. तरीही फेरफार, बोजा, वहिवाट हे शब्द तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत आणि कागदावरही तेच आहेत. लेखकाने शब्द बदलू नये, त्याचा अर्थ उलगडावा. वाचकाला अखेर तोच शब्द कचेरीत ओळखायचा असतो.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : असे लिहिले तर जाहिराती कोण देईल? लेखनावर उपजीविका करू पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. माझे उत्तर असे की जाहिरात घ्यावी, पण ती चौकटीत, ‘जाहिरात’ या शब्दासह छापावी. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्र नसलेले किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेले लहान प्रकल्प स्थावर संपदा अधिनियमाखालील नोंदणीतून सुटतात. आपल्या शहरांत असे लहान प्रकल्प पुष्कळ असतात. इतर प्रकल्पांची जाहिरात नोंदणीवाचून करता येत नाही आणि तीत महारेराचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक नसेल तर कारण विचारावे. ग्राहक मिळवून देण्याबद्दल लेखक मोबदला घेऊ लागला, तर तो कायद्याच्या दृष्टीने दलाल ठरू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. दलाली हा वाईट व्यवसाय नव्हे; मात्र वाचकाला ती माहीत असली पाहिजे.

यावरून तयारीची रूपरेषा ठरते. पहिले दोन महिने काहीही प्रकाशित न करता शब्दांची वही करावी. सातबारा, आठ-अ, फेरफार, मिळकत पत्रिका, साठेखत, खरेदीखत, हक्कसोडपत्र यांचा प्रत्येकी एक नमुना मिळवून, त्यातील प्रत्येक अनोळखी शब्दासमोर अर्थ, वापर आणि विचारायचा प्रश्न लिहावा. कायदे बदलतात, म्हणून प्रत्येक नोंदीखाली तारीख घालावी. ही वही कचेरीतील अनुभवी लेखनिकाला आणि एखाद्या वकिलाला दाखवून तपासून घ्यावी.

शेवटी एक स्वाध्याय. ‘शहरालगत, प्रस्तावित रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, क्लिअर टायटल प्लॉट, मोजकेच शिल्लक’ हे नमुन्यादाखल रचलेले वाक्य घ्या. ‘प्रस्तावित’ या कृदन्ताचा कर्ता शोधा : रस्ता कोणी प्रस्तावित केला, प्रारूप विकास योजनेत की मंजूर योजनेत? ‘शहरालगत’ म्हणजे कोणत्या हद्दीत? ‘क्लिअर’ हा निष्कर्ष कोणी, किती वर्षांच्या नोंदी तपासून काढला? ‘मोजके’ म्हणजे किती? उत्तरे मिळतील तेवढी भरून हेच वाक्य पुन्हा लिहा आणि न मिळालेल्या उत्तरांची यादी त्याखाली जोडा. मग आपल्या गावातील एखादी खरी जाहिरात घेऊन हाच प्रयोग करा आणि दोन्ही उत्तरे संपर्कसत्राला सोबत आणा.