विसावा घ्या, पण विसावा भागही द्या!

निवृत्तीनंतर राहायचे कुठे? हा प्रश्न आपल्या समाजात फारसा चर्चेला येत नाही. आपल्या व्यासपीठांवर आरक्षण, अनुशेष, शिष्यवृत्ती, अत्याचार यांवर भाषणे होतात आणि ती झालीच पाहिजेत. परंतु बाबासाहेबांमुळे ज्या पिढीच्या हाती १९८०-९० च्या दशकांत सरकारी नोकरी आली, ती पिढी आता अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी ग्रॅच्युइटीचा धनादेश घेऊन घरी परतत आहे. आयुष्यात पहिल्यांदाच एकरकमी पैसा हातात आलेला असतो. त्याच वेळी मुलगा, जावई, भाऊबंद आणि दलाल असे चौघे चार दिशांना ओढत असतात. या ओढाताणीत जो निर्णय होतो, तो बहुधा चुकतो. वकिलीच्या व्यवसायात अशी प्रकरणे मी सतत पाहतो, म्हणून हा विषय मुद्दाम मांडत आहे.

अलीकडे एक काका-काकू माझ्याकडे आले. मूळ गाव आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द. काकांची नोकरी खडकीच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली. पुण्यात दोन खोल्यांचे स्वतःचे घर आहे. मुलगा म्हणतो, ते विकून पैसे माझ्या फ्लॅटमध्ये घाला आणि आमच्याकडे राहा. काका म्हणतात, घर विकायचे तर गावठाणातल्या पडक्या जागेवर चांगले स्लॅबचे घर बांधू. बापजाद्यांची जागा आहे, ती ओस का पडू द्यायची? काकू आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, मी गावात सात वर्षं चुलीपुढं काढली. तिथं मी अमक्याची सून आणि तमक्याची भावजय. पुण्यात आले तेव्हा मला माझं नाव मिळालं. विहारात मला लोक नावानं हाक मारतात. आता म्हातारपणी ते नाव सोडून परत सून व्हायला मी जायची नाही."

काका निरुत्तर झाले. खरे सांगायचे तर मीही झालो. कारण दोघांचेही बरोबर होते.

आपल्या चळवळीने या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामजीवनाचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर, असेच त्यांचे मत होते. म्हणूनच संविधानात घटक म्हणून गाव न धरता व्यक्ती धरली गेली, याचे त्यांना समाधान वाटले. 'खेडी सोडा, शहराकडे चला' या विचाराने आपली माणसे मुंबईच्या गिरण्या-गोदीत, रेल्वेत, खडकी-देहूरोडच्या कारखान्यांत आली. शहराने बकाल चाळ दिली, झोपडपट्टी दिली. पण त्याच शहराने शाळा दिली आणि गर्दीत हरवून जाण्याचे स्वातंत्र्यही दिले. जातीने चटके खाल्लेल्या माणसाला या हरवून जाण्याची किंमत बरोबर कळते.

मग शहरातच मरेपर्यंत राहायचे का? पुण्या-मुंबईत गुडघे धरून चार जिने चढायचे, पेन्शनचा मोठा हिस्सा मेंटेनन्स आणि रिक्षात घालवायचा, हे अनेकांना परवडत नाही. शिवाय नवी नोकरदार पिढी तर याहून अडचणीत आहे. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट राहिली नाही. त्यांना म्हातारपणाचा हिशोब अधिकच काटेकोर करावा लागणार आहे.

उरलेले अर्धे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. १८९४ च्या सुमारास ते सैन्यातून निवृत्त झाले. तेव्हा ते आंबडव्याला गेले का? नाही. ते दापोलीला गेले. दापोली हे लहानसे लष्करी छावणीचे गाव. आपल्या समाजातील अनेक पेन्शनर तिथे आधीच राहत होते. गोपाळबाबा वलंगकर हेही महाडजवळच्या रावढळचे, १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीलाच स्थायिक झाले. तिथूनच त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले, अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली. दापोलीच्या शाळेत आमच्या मुलांना घ्या, म्हणून १८९० च्या दशकात अर्ज करणारे हेच पेन्शनर होते. पुढे रामजीबाबा दापोलीहून साताऱ्याला गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्यानंतर ते मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला परळच्या चाळीत आले.

समाजबांधवांनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रामजीबाबांनी निवृत्तीचे ठिकाण निवडताना स्वस्ताई पाहिली नाही आणि भाऊबंदांचे कौतुकही पाहिले नाही. आपली माणसे कुठे आहेत, शाळा कुठे आहे, अर्ज केला तर तो घेणारे कार्यालय कुठे आहे, हे त्यांनी पाहिले. निवृत्त सुभेदार आंबडव्याच्या ओसरीवर बसून राहिले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. स्वतः बाबासाहेबांनीही दिल्ली-मुंबईच्या धावपळीतून उसंत मिळावी म्हणून तळेगाव दाभाडे येथे बंगला घेतला. मोठ्या शहराजवळचे, रेल्वेच्या वाटेवरचे लहान गाव त्यांनी निवडले.

हीच कसोटी आज आंबेगाव-जुन्नरला लावून पाहू. अवसरी खुर्द आता पूर्वीचे राहिलेले नाही. तिथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. पुणे-नाशिक महामार्गावरचे मंचर जवळच आहे. डिंभे धरणाचे पाणी आले, ऊस आला. पण त्या उसात बिबट्याही आला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यात संध्याकाळनंतर एकट्या म्हाताऱ्या माणसाने वस्तीवरून बाहेर पडणे धोक्याचे झाले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे आणि एका वृद्ध महिलेचे जीव गेले. रात्री छातीत दुखू लागले तर गाडी कोण काढणार, हा प्रश्न गावाच्या प्रेमापेक्षा मोठा आहे.

म्हणून माझे मत असे, की आपल्या माणसाने निवृत्तीनंतर मूळ गावाजवळचे लहान शहर निवडावे. अवसरीच्या माणसाला मंचर आहे, राजगुरुनगर आहे, नारायणगाव आहे, जुन्नर आहे. ठिकाण ठरवताना पाच गोष्टी तपासाव्यात. पहिली, सरकारी रुग्णालय. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. दुसरी, कचेरी आणि न्यायालय. आंबेगावची तहसील व न्यायालय घोडेगावला, सत्र न्यायालयाचे काम राजगुरुनगरला. म्हातारपणी न्याय मागायचा तर तो एसटीच्या एका तिकिटावर असावा. तिसरी, एसटीच. पासष्टीनंतर अर्धे तिकीट, पंच्याहत्तरीनंतर मोफत आणि महिलांना सरसकट अर्धे, ही सवलत महामंडळाच्या गाडीलाच आहे. जिथे दिवसातून एकच गाडी येते तिथे या सवलतीचा उपयोग काय? चौथी, विहार. नुसती इमारत नव्हे; दर रविवारी कुलूप उघडते का, हे पाहा. पाचवी, शेजार. या काकांसाठी आम्ही भाड्याने खोली शोधली तेव्हा एका दलालाने आधी आडनाव विचारले आणि मग खोली 'कालच गेली' असे सांगितले. लहान शहरात जात लहान होते असे समजू नका! म्हणून एकदम घर विकत घेऊ नका. आधी अकरा महिन्यांच्या करारावर राहून पाहा.

आता कायद्याच्या चार गोष्टी. घर मुलाच्या नावे करण्याची घाई करू नका. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात अशी अट असणे आवश्यक मानले आणि जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावला. निकालांच्या भरवशावर राहण्यापेक्षा एक ओळ जास्त लिहिलेली बरी. दुसरे, गावाकडची वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. जमिनी फेरवाटपाने मिळाल्या, पण त्यांवर नवीन शर्त आहे. पूर्वपरवानगीशिवाय केलेला व्यवहार अंगलट येतो. 'साहेब, फक्त इथे सही करा' म्हणणाऱ्याला आधी वकिलाकडे पाठवा. मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचे प्रकरण २०२५ मध्ये राज्यभर गाजले, त्यावरून या जमिनींवर कुणाकुणाचा डोळा असतो हे कळावे. तिसरे, गावाशी कागदाचे नाते तोडू नका. नातवंडांच्या जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. तो मुंबई-पुण्याच्या चाळीत मिळत नाही. तो गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि तलाठ्याच्या जुन्या दप्तरात असतो. त्याच्या प्रमाणित नकला हातपाय चालतात तोवर काढून ठेवा. चौथे, कुठेही राहायला गेलात आणि कुणी वाळीत टाकण्याची भाषा केली, तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा ठरवला आहे. घाबरू नका, लेखी तक्रार करा.

इथपर्यंत झाली स्वतःची सोय. पण एवढ्यावर थांबलो तर आपण आणि इतर पेन्शनर यांत फरक काय राहिला? काकांच्या बोलण्यात एक सल होती. ते म्हणाले, "शिकलेले सगळे निघून आलो. वस्तीत राहिले ते शेतमजूर. त्यांच्या पोराला फॉर्म कोण भरून देणार?" १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जे दुःख बोलून दाखवले, ते आपण दर जयंतीला ऐकतो आणि घरी जाऊन झोपतो. धम्मदीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी नागपुरात त्यांनी आपल्या कमाईचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले होते. नोकरीत असताना वर्गणीची पावती फाडून आपण हे कर्तव्य उरकले. निवृत्तीनंतर पैसा कमी झाला असेल, पण वेळ तर आहे! वेळेचा विसावा भाग काढला तर महिन्याला दीड दिवस होतो. एवढे द्यायला कुणाची हरकत आहे?

या दीड दिवसात काय करता येईल? अवसरीच्या सरकारी महाविद्यालयांत राज्यभरातून मुले शिकायला येतात. त्यांत आपली मुलेही असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणी, वसतिगृह यांत त्यांचे पहिले वर्ष जाते. तीस वर्षे फाइली हाताळलेला निवृत्त कारकून त्यांना एका तासात मार्ग दाखवू शकतो. मंचरहून पुढे जुन्नरला लेण्याद्री, मानमोडी, तुळजा ही बौद्ध लेणी आहेत. लेण्याद्रीचे एक विहार आज गणपतीचे देऊळ म्हणून जगाला माहीत आहे. तिथे आपल्या लेकरांना नेऊन हे भिक्खूंचे निवासस्थान होते, हे चैत्यगृह होते, एवढे सांगणारा एक जरी आजोबा मिळाला तरी पुष्कळ झाले.

काका-काकूंचे काय झाले, असे वाचक विचारतील. पुण्याचे घर त्यांनी विकले नाही, भाड्याने दिले. त्या भाड्यातून मंचरला दोन खोल्या घेतल्या आहेत. मुलगा थोडा नाराज आहे. काकूंनी तिथल्या महिला मंडळात नाव नोंदवले, स्वतःचे नाव. काका आठवड्यातून एकदा एसटीने अवसरीला जातात, वस्तीतल्या पोरांचे अर्ज तपासतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत परततात. पडक्या घराची जागा त्यांनी साफ करून घेतली आहे. तिथे घर बांधायचा विचार सोडला, अभ्यासिकेची एक खोली बांधायचा विचार चालू आहे. अकरा महिन्यांनी पुढचे ठरेल.

रामजीबाबांच्या पिढीने पेन्शनवर जगून आपल्याला बाबासाहेब दिले. आपली पेन्शन समाजाला काय देणार, हे प्रत्येक निवृत्त बांधवाने आणि भगिनीने सामान बांधण्यापूर्वी स्वतःला विचारावे. विसावा अवश्य घ्या, तो तुमच्या कष्टाचा आहे. पण विसावा भाग विसरू नका, तो समाजाचा आहे.

जयभीम!